पाठमोरे आसन

पूर्वी वेणुवती नावाच्या नगरात राजा नव्हता. तेथे गणाची सभा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगराचा न्यायाधीश होता. सभेने नायक निवडावा, कर ठरवावा, नकोसा झाला तर नायकाला घरी पाठवावे. पण अपराधी कोण हे मात्र न्यायाधीशानेच सांगावे, अशी तिथली रीत होती. आणखी एक रीत परक्यांना विचित्र वाटे. न्यायाधीशाचे आसन सभेकडे पाठ करून मांडलेले असे. समोर भिंत, भिंतीपाशी आरोपी, आणि पाठीमागे सारे नगर.

सुदंत हा तेव्हाचा गणनायक. तो लोकांचा लाडका होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते. एकदा गणाचे धान्याचे कोठार जळाले. खेमक लोहाराने सूडापायी आग लावली, अशी हूल उठली आणि सभा एकमुखाने त्याचा जीव मागू लागली. बोधिसत्त्वाने साक्षी ऐकल्या. आग लागली तेव्हा खेमक नदीपलीकडच्या गावात होता, हे उघड झाले आणि तो सुटला. सुदंत थक्कच झाला. सारे नगर एक बोलते आणि हा एकटा माणूस, तोही पाठ फिरवून, नाही म्हणतो, हे त्याला पचेना.

"पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे तर अख्खे नगर बोलते आहे," तो सभेत म्हणाला. "लोकांकडे पाठ करणारा न्याय लोकांचा कसा? आसन फिरवा."

सभेला ते फार आवडले. आसन फिरवले गेले. बोधिसत्त्व शांतपणे बाजूला झाला.

"आसन कसे मांडावे हे सभेच्या हाती आहे," तो म्हणाला. "पण तुमची तोंडे दिसू लागली की समोरच्या माणसाचे बोलणे मला ऐकू येणार नाही. मग मी इथे बसून काय करू?"

तो नगराबाहेर जाऊन दुधीभोपळ्याचे वेल लावू लागला. त्याच्या जागी पूर्णक नावाचा गोड बोलणारा गृहस्थ आला. वारा वाहील तशी पाठ द्यावी, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. निवाड्याआधी तो मान वर करून सभेचे चेहरे न्याहाळी आणि मग बोले. लोक खूश, सुदंतही खूश.

मग एका पावसाळ्यात तलावाचे पाणी अडवणारा लाकडी दरवाजा गेला. सखल आळीतली घरे वाहून गेली, माणसे बुडाली. सुदंताने आपली शेते वाचवायला दरवाजा उघडला, असे कोणीतरी म्हणाले आणि सायंकाळपर्यंत सगळेच म्हणू लागले.

सुदंत आसनापुढे उभा राहिला. मी दरवाजाला हातही लावला नाही, असे तो सांगू लागला. पण पूर्णकाची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती. सुदंताने वळून पाहिले. कालपर्यंत त्याचा जयजयकार करणारे तेच चेहरे होते. एकाही चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. आपण निरपराध आहोत आणि ते ऐकायला या नगरात कोणी उरलेलेच नाही, हे त्याला तेव्हा कळले. उरले नाही, कारण त्यानेच उरू दिले नव्हते. त्याने दोन्ही हातांनी आसन धरले आणि ते पुन्हा भिंतीकडे फिरवू लागला.

पूर्णक गडबडून उठला. लोकांकडे पाठ करायची त्याची छाती नव्हती. तेव्हा गर्दीतून खेमक लोहार पुढे आला.

"याने माझा जीव मागितला होता," तो म्हणाला. "तरी माझं ऐकून घेतलं गेलं. याचंही ऐका."

लोक खाली पाहू लागले. बोधिसत्त्वाला बोलावणे गेले. तो आला, पाठमोरा बसला, आणि त्याने तुटलेला दरवाजा आणवला. अडसर जिथल्या तिथे होता. दरवाजा कोणी उघडलेला नव्हता. फळ्या मधोमध कुजून फुटल्या होत्या.

सुदंताने सुटकेचा श्वास सोडला. तोच बोधिसत्त्वाने विचारले, "फळ्या कुजल्याचे तुला कोणी सांगितले होते का?"

ज्याला आपण घालवले तोच आपल्याला वाचवायला आला, असे तो समजून बसला होता. नाही म्हणणे सोपे होते. पण ते डोळे फक्त त्याच्याकडे पाहत होते, आणि इतके नीट त्याचे आजवर कोणी ऐकले नव्हते.

"सांगितले होते," तो म्हणाला. "मी पुढे ढकलले."

"दरवाजा उघडल्याच्या आरोपातून तू मुक्त आहेस," बोधिसत्त्व म्हणाला. "माणसे बुडाली त्या हलगर्जीचा अपराधी मात्र तूच आहेस, म्हणून नायकपदाला तू पात्र नाहीस."

हा निवाडा सभेलाही रुचला नाही आणि सुदंतालाही, तरी सभेने त्याला पदावरून घरी पाठवले. नंतर मात्र कोणी ते आसन फिरवा म्हटले नाही. सुदंत तर मरेपर्यंत रोज सकाळी ते आपल्या हाताने पुसत असे.

भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली तेव्हा समोरचे भिक्षू खाली माना घालून बसले होते. एका सोबत्याला त्याचे न ऐकताच दोषी ठरवायला ते निघाले होते. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा सुदंत म्हणजे आज सर्वांआधी हात वर करणारा हा भिक्षू. खेमक म्हणजे ज्याचे आज तुम्ही ऐकले नाही तो सोबती. ती सभा म्हणजे तुम्ही, आणि तो न्यायाधीश मीच होतो." स्तुती आणि निंदा या दोहोंकडे पाठ करून समोरच्याचे ऐकणे, हीच उपेक्षा पारमिता, म्हणजे समभावाची परिपूर्णता. आपण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष समजतो. खरे तर तिच्याइतके लक्ष दुसरे कोणीच देत नाही.