सगळं एकाच डिस्कवर

"…पण चाचा, सगळं एकाच डिस्कवर असलं तर बिघडतं काय?"

दाऊद मुकादम, सगळ्यांचे चाचा, सर्व्हरजवळ आले. खाडीकाठच्या त्या इस्पितळातली सर्व्हरची खोली ते कित्येक वर्षं सांभाळत होते. अन्विता सामंत महिन्यापूर्वी त्यांच्या हाताखाली आली होती, परीक्षेत पहिली येऊन.

नवा सर्व्हर तिनंच लावला होता. जुना अजून चालू होता. चाचणी म्हणून काही दिवस प्रत्येक नोंद दोन्हीकडे होत होती.

"रुग्णांचा डेटा, प्रत्येक बदल टिपणारा लॉग, रोज सकाळचा बॅकअप. तिन्हींना वेगळे फोल्डर दिलेत. नावंसुद्धा किती नीट आहेत, बघा ना."

"सुरेख मांडलंस."

चाचांनी हात पुढे केला आणि डिस्क ओढून काढली.

पडदा काळा झाला. थंड हवेची घरघर तेवढी उरली. काचेबाहेर खाडीवर धुकं होतं, होड्या असून नसल्यासारख्या.

"घे." डिस्क तिच्या तळहातावर आली. अजून कोमट होती.

"आता यातला बॅकअप उघड."

"चाचा, हे… असं कोणी करतं का?"

"डिस्का करतात. न सांगता बंद पडतात."

अन्विताचे कान तापले. दोन दिवस ती त्यांच्याशी बोललीच नाही. डेटा एका डिस्कवर ठेवला, लॉग दुसरीवर. बॅकअप खाडीपलीकडच्या दवाखान्यातल्या मशीनवर पाठवू लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीच म्हणाली, "काढा."

चाचांनी डेटाची डिस्क काढली.

तिनं कोरी डिस्क बसवली. पलीकडून सकाळचा बॅकअप आणला. मग त्यावर लॉगमधले बदल एकेक करून चढू लागले. पडद्यावर नावं उमटत गेली… सावकाश… आणि अर्ध्या तासानं थांबली.

शेवटची नोंद प्रसूतिकक्षातली होती. मुलगी. वजन अडीच किलो. डिस्क निघायच्या मिनिटभर आधीची.

अन्विता पडद्याजवळ सरकली.

"लॉगनं आणली, ते कळतं मला," ती हळूच म्हणाली. "पण सकाळच्या बॅकअपमध्ये ही नव्हतीच. डेटाची डिस्क तर तुमच्या हातात. मग मधला अर्धा तास… इथे ही होती कुठे, चाचा?"

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"वाटेवर. वाट तेवढी लॉगनं जपली होती."