व्यापाऱ्याचे उपरणे

एकदा एक तेलाचा व्यापारी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला छकड्यात घालून नदीकाठच्या आश्रमात आला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून कुत्र्याचे नाव चांद्या. व्यापारी डोक्यावर तेलाचा डबा घेऊन गावोगाव फिरत असे, त्या काळात हाच चांद्या त्याच्यापुढे चालायचा. पुढे घाणे झाले, वखार झाली, घरात सुना-नातवंडे आली आणि चांद्या सगळ्यांचाच लाडका झाला. आता त्याचे डोळे गेले होते, मागचे पाय लुळे पडले होते आणि वैद्यानेही हात टेकले होते.

"महाराज," व्यापारी डोळे पुसत म्हणाला, "दोन-चार दिवसांचाच सोबती आहे हा. घरात सगळ्यांचा जीव आहे हो याच्यावर, पण याचे हाल कुणालाच बघवत नाहीत. इथं तुमच्या पायाशी गेला तर त्याचं सोनं होईल."

"मग तुम्हीही राहा ना इथंच," वृद्ध गुरू म्हणाले. "जागा आहे, भाकरी आहे."

"छे छे, महाराज! माझं मन फार हळवं आहे. मला नाही बघवणार."

हळवं मन! या हळव्या मनांपायी जितके जीव एकटे गेले असतील, तितके दुष्टांच्या हातूनही गेले नसतील. पण गुरू वाद घालत बसले नाहीत. "बरं," ते म्हणाले, "अंगावरचं उपरणं तेवढं ठेवून जा."

कुत्र्याखाली अंथरायला मागत असतील, असे समजून व्यापाऱ्याने ते आनंदाने दिले. करडईच्या तेलाचा आणि घामाचा वास त्यात मुरलेला होता. छकड्याचे घुंगूर वाजू लागले, तसा चांद्या पुढच्या दोन पायांवर उठायला धडपडला आणि तोंडावर पडला. व्यापाऱ्याने मागे वळून पाहिले नाही. बघवत नव्हते ना!

त्यानंतर जे घडले, त्याने आश्रमातला शिष्य चक्रावून गेला. ज्यांनी जन्मभर परक्याचे वस्त्र अंगाला लावले नव्हते, त्या गुरूंनी ते तेलकट उपरणे स्वतःच्या खांद्यावर घेतले. चांद्याचे डोके मांडीवर ठेवले आणि थेट व्यापाऱ्याच्या स्वरात ते म्हणाले, "चांद्या, आहे रे मी. इथंच आहे." आंधळ्या कुत्र्याने उपरणे हुंगले. त्याची शेपटी हलकेच हलली.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, सत्य सोडू नये असं तुम्हीच शिकवलंत. आणि मरणाऱ्या जीवाला फसवताय?"

"पाणी आण," गुरू म्हणाले. "आणि बस इथं."

तिसऱ्या दिवशी दुपारी चांद्या गेला. गुरूंनी आणि शिष्याने मिळून त्याला चिंचेखाली पुरले.

पंधरवड्याने व्यापारी आला तो सोबत पाथरवट घेऊनच. "महाराज, छानशी समाधी बांधू. वर त्याची मूर्ती बसवू, अगदी हुबेहूब." मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "शांतपणे गेला ना? माझी आठवण काढली का हो त्यानं?"

गुरूंनी घडी घातलेले उपरणे त्याच्या हाती दिले. "तुमच्याच मांडीवर गेला, शेटजी. फक्त तुम्ही तेवढे नव्हतात."

व्यापाऱ्याला काही उलगडेना, तेव्हा शिष्याने घडलेले सगळे सांगितले. ते ऐकून तो मटकन खाली बसला. "मला जमलंच नसतं हो," तो हुंदके देत म्हणाला.

"जमत कुणालाच नाही," गुरू म्हणाले. "तरी बसायचं असतं. मला बघवणार नाही म्हणालात. त्याला काय हवंय, याचा विचार केलात? त्याला तुमचा हात हवा होता, एवढंच. निरोपाचं दुःख दोघांनी वाटून घ्यायचं असतं, शेटजी. तुम्ही आपला वाटा उचलला नाहीत, म्हणून तोही त्या मुक्या जीवाच्याच अंगावर पडला. आता दगड कितीही उभे करा, तो वाटा काही परत घेता येत नाही."

व्यापारी बराच वेळ रडत राहिला. उठताना त्याने चाचरत विचारले, "पण महाराज... मीच आहे असं वाटलं ना त्याला?"

गुरूंनी त्याच्याकडे पाहिले. "हो," ते म्हणाले.

उपरणे छातीशी धरून व्यापारी निघून गेला. पाथरवटही त्याच्यामागून गेला.

"गुरुजी," शिष्याने विचारले, "खरंच फसला होता चांद्या?"

"अरे, वासावर जगणारी जात ती! उपरणं हुंगलं तेव्हा शेपटी हलली. मग त्यानं माझा हात हुंगला आणि शेपटी थांबली. त्यानंतर हलवली ती माझ्यासाठी. म्हातारा एवढा बसलाय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून."

"मग शेटजींना हो का म्हणालात?"

गुरूंची मान खाली गेली. "त्यांचं तोंड मलाही बघवलं नसतं, बाळ."

शिष्य गप्प राहिला. शेवटच्या घटकेला चांद्याने गुरूंच्या मांडीवरची मान आश्रमाच्या फाटकाकडे वळवली होती, हे त्याने पाहिले होते.

आपल्याही घरी कुणीतरी दाराकडे तोंड करून पडलेले असते. आणि आपले मन फार हळवे, दुसरे काय!