माघारी न गेलेला रुपया

“आता ह्येबी मीच सांगायचं?” गेनूआबा कुरकुरले. “भिंतीवर एवढी सन्मानपत्रं टांगलीस म्हणत्यात. त्यास्नी इचार की. मला म्हाताऱ्याला कशापायी बोलतं करतूस?”

मनोहर शाळिग्राम ओट्याखाली उभाच होता. आबांनी बस म्हटलं नव्हतं, आणि न सांगता बसायची त्याची छाती नव्हती.

प्रश्न साधाच होता. नाणं दुर्मिळ कशानं होतं, आबा? जुनेपणानं, सोन्यानं, राजाच्या नावानं... का आणखी कशानं?

उत्तर त्याला पाठ होतं. त्यावर तो गावोगाव भाषणं देत होता, लोक टाळ्या वाजवत होते. पण एकोणीस वर्षांनी एखाद्याच्या दारात जायचं तर हातात काहीतरी लागतं. लोक नारळ नेतात. यानं प्रश्न नेला.

आबा शेंगा फोडत होते. दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. दाणा अंगठ्याखालून फिरवायचा, चांगला उजवीकडं सुपात, किडका डावीकडं. एकही चुकत नव्हता. टाकसाळीत एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पट्ट्यावरून नाणी यायची, आणि त्यातलं चुकलेलं उचलून परातीत टाकायचं. शाळा दुसरीपर्यंत. नाण्यांवरचं पुस्तक कधी उघडलं नाही, आणि उघडलं असतं तरी वाचता आलं नसतं.

मनोहरनं मात्र पुस्तकं ढिगानं वाचली होती. बँकेत साहेब होता, दर रविवारी साताऱ्याहून एस.टी.नं यायचा आणि याच ओट्यावर मांडी घालून बसायचा. नाणं आधी ऐकायचं, मग चाचपायचं आणि शेवटी बघायचं, हे आबांनी त्याला शिकवलं. तो उलटं करायचा. आधी बघायचा, मग भाव विचारायचा. आबा त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. त्या धपाट्यावर त्याचं नाव झालं.

आणि एका रुपयावर.

आठवडी बाजारात एका मिरचीवालीच्या बटव्यात तो पडून होता. एका बाजूला छाप, दुसरी बाजू सपाट कोरी. नकली म्हणून कुणी घेत नव्हतं. आबांनी अंगठा फिरवला, दुसरा रुपया देऊन तो घेतला आणि मनोहरच्या हातावर ठेवला. आपल्याला नको म्हणाले. असले हातानं भट्टीत धाडले, आता एक घरात ठेवायची लाज वाटते.

पुढं साताऱ्यात मोठं प्रदर्शन भरलं. मखमलीवर तोच रुपया मधोमध. दुपारी बघतात तर जागा रिकामी. मखमलीला हात लावलेला माणूस एकच होता. रुपया तिरका बसला म्हणून आबांनी तो सरळ केला होता.

शंभर माणसांसमोर मनोहर म्हणाला, “आबा, कनवट सोडा.”

आबा दोन्ही हात वर करून उभे राहिले. टाकसाळीच्या फाटकात रोज संध्याकाळी राहायचे, तसे.

कनवटीतून चंची निघाली आणि अडकित्ता. तेवढंच. आबांनी खाली वाकून दोन्ही उचललं आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी रुपया सापडला. मखमलीच्या घडीत. घडी मनोहरनंच घातली होती.

त्याच दिवशी यायला हवं होतं. रविवारी जाऊ म्हणाला. रविवारी पाहुणे आले. मग दिवाळीला जाऊ म्हणाला. शहाण्या माणसाला लाज वाटली की तो मुहूर्त शोधत बसतो. गाढवाचं बरं असतं, त्याला लाथ झाडून दुसऱ्याच दिवशी त्याच दारात उभं राहता येतं.

“कोटात काय आणलंयस ते दे,” आबा म्हणाले.

मनोहर दचकला.

“पांदीपासनं खिशावर हात घासत आलायस. डोळं गेल्यात, कान न्हाई.”

त्यानं डबी काढली. आबांनी डबी बाजूला ठेवली आणि रुपया दगडावर टाकला. खणखणीत वाजला. मग अंगठा. छाप... कड... कोरी पाठ. कोऱ्या पाठीवर अंगठा थांबला. तिथं एक बारीक ओरखडा होता, मिरचीवालीच्या बटव्यातल्या किल्लीचा.

“कुठनं घेतलास?”

साताऱ्यापासून फाट्यापर्यंत मनोहर याच घडीची तयारी करत आला होता. चार शब्द होते. आबा, चुकलो, माफ करा. एस.टी.त शेजारच्या बाईला पाठ होतील इतक्यांदा ते पुटपुटून झाले होते.

“एका व्यापाऱ्याकडनं,” तो म्हणाला. “मुंबईच्या.”

आपल्याच तोंडून निघालेलं त्यालाच खरं वाटेना.

आबांनी मान हलवली, रुपया डबीशेजारी ठेवला आणि पुन्हा शेंग उचलली. “जपला चांगला त्यानं. येवढी वर्सं.”

आतून सुनेनं चहा आणून ठेवला. पाहुण्याकडं तिनं पाहिलं, ओळखलं, आणि कपाला बशी न देताच आत गेली. मनोहरनं कप उचलला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुर्मिळ कशानं झाला हा, आबा?

“चुकला म्हणून.”

“चुकलेली तर रोज निघत असतील.”

“परात भरायची. लईंदा दोन.”

“मग ती...?”

“ती आम्ही माघारी धाडायचो. भट्टीत गेली की मिटलं. दुसऱ्या दिशी त्याच धातूचा नीट रुपया. काल काय चुकलं हुतं ते कुणाच्या ध्यानातबी नसायचं... ह्यो माघारी गेला न्हाई.”

मनोहर ओट्याच्या कडेवर टेकला. आबांनी अजूनही बस म्हटलं नव्हतं.

“आबा... त्या दिवशी सगळ्यांसमोर...”

आबा थांबले. त्यांनी तोंड आवाजाकडं वळवलं. हातातली शेंग तशीच धरली. एवढा कान देऊन त्यांनी कुठलं नाणंसुद्धा ऐकलं नसेल.

“...त्या दिवशी गर्दी फार होती, आबा. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

शेंग फुटली. दाणा किडका निघाला, डावीकडं गेला.

“गर्दी तर टाकसाळीच्या फाटकातबी असायची,” आबा म्हणाले. “रोज हात वर. येकतीस वर्सं. म्या कधी वाईट वाटून घेतलं न्हाई... तिथं झडती समद्यांची व्हायची.”

मनोहरच्या घशात ते चार शब्द होते. तिथंच राहिले. तो उठला. एस.टी.ची वेळ झाली म्हणाला. एस.टी.ला अजून दीड तास होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं. पूर्वी या दीड तासात आबा त्याला भाकरी खायला लावायचे.

त्यानं रुपया डबीत घातला. डबी कोटात घातली. मग कोटावरून हात फिरवून पुन्हा चाचपली. सवयच होती ती. पण आबांच्या कानानं ऐकली.

आबा भिंतीला धरून उठले. सावकाश सरळ झाले. आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

“बघून घे,” म्हणाले. “जायच्या आधी बघून घ्यावं.”

आबांच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. हात काटकीसारखे झाले होते. ते खाली घ्यावेत म्हणून मनोहर दोन पावलं पुढं गेला. मग तिथंच थांबला. त्या हातांना कुठल्या हातानं हात लावायचा, हे त्याला कळेना.

“आबा, नका...”

आबांनी हात खाली घेतले नाहीत.

“भाव वाढलाय व्हय रं त्याचा?”

“वाढलाय.”

“दर साली वाढतूय?”

“...होय, आबा.”

“वाढनारच. अजून माघारी कुठं गेलाय, मनोहर शाळिग्राम.”