विलंबमाफीचा अर्ज

"अशिलाच्या भल्यासाठीसुद्धा नाही?"

शार्दूलनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

तात्या मिरीकर सुपारी कातरत होते. जिल्हा कोर्टासमोरच्या बोळात त्यांचं ऑफिस होतं. वकिलीला चाळीस वर्षं झालेली. शार्दूल आवटे त्यांचा ज्युनिअर, सनद मिळून दोन वर्षं झालेला. वकिलांच्या आचारसंहितेच्या पेपरात तो विद्यापीठात पहिला आला होता. नियम त्याला तोंडपाठ होते, आणि समोरच्याला ते ऐकवायची हौसही होती.

टेबलावर एक अर्ज पडला होता. अपील दाखल करायला उशीर झाला, तो माफ करावा, असा. सोबत अशिलाचं प्रतिज्ञापत्र. अशील टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळून होती, असं त्यात शपथेवर लिहिलं होतं.

"आजारी होती का ती?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग उशीर कशानं झाला?"

शार्दूल अर्जाचे कोपरे जुळवू लागला.

गोष्ट साधी होती. सोजरबाई लोंढे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. वारंवार गैरहजर राहतात, असं कारण देऊन संस्थेनं त्यांना काढून टाकलं. खालच्या कोर्टात त्या हरल्या. अपिलाला तीस दिवसांची मुदत होती. निकालाची नक्कल त्यांनी चौथ्याच दिवशी शार्दूलच्या हातात आणून दिली. निश्चिंत राहा, असं तो म्हणाला. नक्कल त्याच्या बॅगेत राहिली. सापडली ती बेचाळिसाव्या दिवशी.

"होतास कुठं इतके दिवस?"

"पुण्याला. व्याख्यानाची तयारी चालली होती."

"विषय काय होता?"

"वकिलाची अशिलाप्रती कर्तव्यं."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. हसले मात्र नाहीत.

शार्दूल मग भडाभडा बोलत सुटला. सगळे वकील असंच लिहितात. आजारपण लिहिलं की उशीर माफ होतो, हे कोर्टालाही ठाऊक असतं. वकील विसरला असं लिहिलं, तर माफ होईलच याची खात्री नाही. आपलं नाव कायमचं कागदावर येईल, हेही त्यानं सांगितलं, पण ते हळू आवाजात.

आणि शेवटी म्हणाला, "नोकरी तिची कायमची जाईल, तात्या. माझ्या खरेपणापायी तिनं का उपाशी राहायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. तात्यांनी दाराकडे पाहिलं.

"बाहेर बाकावर बसल्यात ना बाई? बोलव त्यांना. काय लिहिलंयस ते वाचून दाखव."

सोजरबाई आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. शार्दूलनं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"टायफाइड? मला?"

"कागदापुरता."

"म्हंजी शपथेवर?"

"...हो."

त्यांनी थोडा विचार केला.

"साहेब, बारा वर्षांत मी एक खाडा केला नाही. सासू गेली त्या दिवशीबी पोरींच्या भाकरी थापल्या, मग गेले. भांडण त्याचंच आहे ना आपलं? आणि आता मीच लिहून देऊ, महिनाभर पडून होते म्हणून?"

पंखा फिरत होता.

मग त्यांनीच पेन उचललं.

"पण तुम्ही म्हणाल तिथं करते सही. तुम्ही शिकलेली माणसं. आमच्या वाइटाचं थोडीच सांगणार."

त्या सहीची जागा शोधू लागल्या. शार्दूलचा हात कागदावर पडला, आणि तिथंच राहिला. त्यानं कागद पुढेही सरकवला नाही, मागेही ओढला नाही.

तात्या उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि सोजरबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. पलीकडे आता शार्दूल एकटाच उरला.

"सांगा, वकीलसाहेब," तात्या म्हणाले. "आमच्या अपिलाला उशीर का झाला?"

सोजरबाई गोंधळून तात्यांकडे बघू लागल्या. मग शार्दूलकडे.

शार्दूलनं एक नियम आठवून पाहिला. दुसरा आठवून पाहिला...

"नक्कल माझ्या बॅगेत राहिली," तो म्हणाला. "मी विसरलो. तुम्ही वेळेत दिली होतीत. चूक माझी आहे."

सोजरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. केस गेली का, एवढंच त्यांनी विचारलं. आपल्याला सांगता येत नाही, असं तो म्हणाला. कोर्ट उशीर माफ करील किंवा करणार नाही. खरं कारण लिहून प्रतिज्ञापत्र आता आपण स्वतःच्या नावानं देऊ, हेही त्यानं सांगितलं. टायफॉइडचा कागद त्यानं मधोमध फाडला. ते तुकडे कुठं ठेवावेत, हे काही त्याला सुचलं नाही.

सोजरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"मग साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"मी आता दुसरा वकील बघू का?"

शार्दूलनं तात्यांकडे पाहिलं. तात्या अशिलाच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते.

"तात्या, काय सांगू यांना?"

"आजवर बाईंनी तुला काम दिलं होतं," तात्या म्हणाले. "सल्ला आज मागितलाय. त्यांच्या भल्याचा दे."