रुमालाखालचा करार

"मग करू ना सही, बाबा?"

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं.

नबीलाल बाबा दर्ग्याच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. फकिरी घेण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी गुरांच्या बाजारात बैलांची दलाली केली होती. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, की भाव ठरला. शेजाऱ्यालाही कळायचा नाही. तालुक्यातली माणसं अजून मोठा व्यवहार करण्याआधी त्यांच्यापाशी येऊन बसत.

हेरंबला सल्ला नकोच होता. पुण्यात मॅनेजमेंट शिकलेला गडी, त्याला हवा होता आशीर्वाद. वडिलांचं सायकलीचं दुकान मोडून तिथे एका चहाच्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायची होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सही व्हायच्या आधीच दुकानाची पाटी उतरवून झाली होती. वडील कालपासून बोलत नव्हते.

"कंपनीवालं काय म्हनत्यात?"

"तालुक्यात दुसऱ्या कुणाला दुकान देणार नाहीत. आणि घातलेलं सगळं वर्षात वसूल. छातीठोकपणे सांगितलंय."

"आन् न्हाई झालं तर?"

"फसवून घेतलेली सही कोर्टात मोडता येते, बाबा. कायदा आहे."

"हाय की."

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून हेरंबने पुढ्यात ठेवलेल्या करारावर पसरला.

"घाल हात खाली. कर सही."

हेरंब हसला. "न बघता?"

"तू बघितलायस?"

हेरंबने रुमाल बाजूला केला. तो जाडजूड करार पहिल्यांदाच नीट वाचायला घेतला. सत्ताविसाव्या कलमावर त्याचं बोट थांबलं.

"मोठ्यानं वाच."

"'कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडी सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीवर विसंबून मी ही सही केलेली नाही.'"

बाबांचा अडकित्ता चालूच होता.

"कायदा इचारंल, बाळा, तुला काय सांगितलं हुतं? तुजीच सही बोलंल, कायबी न्हाई."

हेरंबचे कान लाल झाले. त्याला वडिलांचा चेहरा आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

कंपनीचा माणूस बाहेर गाडीत बसला होता. बाबांनी त्याला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं, सुपारी दिली.

"साहेब, तालुक्यात दुसरं दुकान न्हाई, वर्सात समदं वसूल. ह्ये तुमीच सांगितलं?"

"शंभर टक्के!"

"मग ह्ये सत्तावीस नंबरचं खोडा. आन् तितं तुमच्या हातानं तेवढंच लिवा. खाली सही, शिक्का."

माणसाने ऐटीत पेन काढलं. टोपण उघडलं...

टोपण लावलं.

"बाबा, धंदा विश्वासावर चालतो."

"आमचा हाय की इस्वास. तुमी लिवा."

"हेड ऑफिसला विचारून सांगतो," म्हणत तो उठला. जाताना त्याने करारही उचलून नेला. सुपारी मात्र ओट्यावरच राहिली.

गाडीचा आवाज विरत गेला.

"बाबा... म्हणजे तो खोटंच बोलत होता?"

"मला काय ठावं?"

बाबांनी रुमाल झटकला आणि खांद्यावर टाकला.

"चाळीस वर्सं ह्या रुमालाखाली भाव झाकला, लेका. बैल कवा झाकला न्हाई."