दोणीघाटाच्या माथ्यावर

फार पूर्वी पठारावरच्या अश्मपूर नगरात जयत्सेन राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होता. त्याचे नाव सागरदत्त. घाटाखालच्या वेलापथ प्रांतात तो जन्मला होता. तरुणपणी राजसेवेसाठी दोणीघाट चढून आला, तो पुन्हा खाली उतरलाच नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता केस पिकले.

वेलापथ हा समुद्रकाठचा चिंचोळा प्रांत. पूर्वेला डोंगराची भिंत, पश्चिमेला पाणी. डोंगरातून उड्या मारीत येणाऱ्या नद्या किनाऱ्याशी येताच सुस्तावत आणि त्यांच्या खाड्या होत. दोन खाड्यांमधल्या मुलखाला आहार म्हणत. प्रत्येक आहारावर राजाचा एक अधिकारी, आणि सर्वांच्या वर शंखमुख बंदरात राहणारा प्रांताधिपती. माणसे नाना श्रद्धांची. नदीकाठी अग्निहोत्री ब्राह्मण, टेकडीवर निर्ग्रंथ मुनी, कातळातल्या लेण्यांत श्रमण. शेतकरी नागाची वारुळे पूजीत, कोळी खडकावरच्या आपल्या देवीला नारळ वाहत, आणि बंदरात दूरदेशीच्या यवन व्यापाऱ्यांची वेगळीच वेदी असे.

उतारवयात सागरदत्ताला हे सारे फार आठवू लागले. आई गेल्यावर एका कोळिणीने तिच्या तिमिल नावाच्या मुलाबरोबर त्याला वाढवले होते. अक्षरे ब्राह्मणाने शिकवली होती. ताप चढला तेव्हा लेण्यातल्या श्रमणांनी काढा पाजला होता. दरबारात धान्याच्या कोठारांची चर्चा चालू असावी आणि मध्येच त्याला वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास यावा. तो डोळे मिटून घेई. लोकांना वाटे, अमात्य विचार करताहेत.

एका उन्हाळ्यात शंखमुखात दंगा झाला. नदीच्या मुखाशी ब्राह्मण स्नानाला येत, तिथेच कोळ्यांनी मासळी सुकत घातली. शब्दाने शब्द वाढला, दगड उडाले, एक अग्निशाळा जळाली. कोळ्यांच्या होड्या फुटल्या. घाबरलेला प्रांताधिपती पद सोडून घाट चढून आला.

सेनापती कालसेन राजाला म्हणाला, "महाराज, ही भेसळ आहे तोवर भांडण आहे. एकेका श्रद्धेला एकेक आहार द्या. ब्राह्मण एका खाडीपलीकडे, कोळी दुसरीपलीकडे. कारभारही सोपा होईल."

राजाला ते पटले. त्याने सागरदत्ताला बोलावले.

"अमात्य, तिथली खाडी न् खाडी तुम्हांला ठाऊक आहे. तुम्हीच प्रांताधिपती होऊन जा. ही वाटणी करा आणि उरलेले आयुष्य आपल्या मुलखात सुखाने काढा."

एवढी वर्षे सागरदत्ताने मनात धरलेली गोष्ट न मागताच राजाने हातावर ठेवली होती. त्याने संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली आणि तो उपवनात जाऊन बसला.

बसल्या जागी तो घाट उतरू लागला. करवंदाच्या जाळ्या मागे पडल्या, हवा दमट झाली, पहिला माड दिसला. खाडीच्या तरीत बसून तो कोळीवाड्याच्या धक्क्याला लागला. तिथे माणसे घरांतून मडकी बाहेर काढीत होती. दारात तिमिल उभा होता, आणि विचारत होता, आम्हांला बाहेर काढायला तूच आलास का रे?

सागरदत्त दचकून उठला आणि तसाच राजाकडे गेला.

"महाराज, हे काम माझ्याने होणार नाही."

"का?"

"मला कोळिणीने वाढवले, ब्राह्मणाने शिकवले, श्रमणांनी जगवले. मला तुम्ही कोणत्या आहारात घालाल? तिथे माझ्यासारखेच सगळे आहेत. भातखाचरांत खारे पाणी शिरू नये म्हणून खाडीला बांध आहेत. माती शेतकऱ्याची, दगड होडीतून आणणारा कोळी, आणि भरतीची तिथी सांगणारा ब्राह्मण. माणसे वेगळी केलीत तर पहिल्या उधाणाला तो बांध फुटेल. मग भात नाही आणि भांडायला माणसेही नाहीत."

कालसेन हसला. "महाराज, अमात्यांचा डाव कळला का? लोकांचे कैवारी व्हायचे, प्रांत आपल्यामागे उभा करायचा, आणि एक दिवस घाट अडवून स्वतंत्र व्हायचे. मधे एवढा डोंगर असल्यावर कोण विचारतो!"

राजाच्या कपाळावर आठी पडली. आता आपला एकही शब्द त्याच्या मनात उतरणार नाही, हे सागरदत्ताने ओळखले. तो पुढे झाला. मग हात जोडून म्हणाला,

"महाराज, वाटणी रद्द करा. प्रांताधिपती दुसऱ्या कुणालाही नेमा. आणि मी आपल्यासमोर शपथ घेतो, जिवंत असेपर्यंत दोणीघाटाखाली पाऊल ठेवणार नाही. मग तर माझ्या सल्ल्यात माझा काही लाभ उरत नाही?"

राजा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला. हा माणूस डोळे मिटून कुठे जात असे, ते त्याला इतक्या वर्षांनी कळले.

हुकूम फिरला. नव्या प्रांताधिपतीने स्नानासाठी वरच्या अंगाला घाट बांधून दिला आणि मासळी वाळवायला खडकापलीकडची जागा दिली. अग्निशाळा कोळ्यांनी उभारली, होड्यांना लाकूड ब्राह्मणांनी दिले. कुरबुरी चालूच राहिल्या, पण घरे जागची हलली नाहीत.

पुढे एकदा पठाराच्या कडेची ठाणी पाहत सागरदत्त दोणीघाटाच्या माथ्यावर आला. बातमी खाली पोहोचली होती. म्हातारा तिमिल काठी टेकीत, धापा टाकीत चढून आला होता. दोघे एकमेकांना कवटाळून खूप रडले.

"आपली आई कशी गेली?" सागरदत्ताने विचारले.

"झोपेत गेली. तुझं नाव घ्यायची अधूनमधून. खाडीचं तोंड आता दक्षिणेला सरकलंय रे. आपण पोहायचो ना, तिथे वाळूची पुळण झालीय. चल, दाखवतो."

"शपथ आहे तिमिल."

"चार पावलं तरी खाली ये. त्या वळणावरून आपला कोळीवाडा दिसतो. इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," सागरदत्त म्हणाला.

तो खडकावर बसला. दूर, झाडांच्या शेंड्यांवर, समुद्राची एक उजळ रेघ दिसत होती. तिमिल बोटाने दाखवीत राहिला, हा धूर आपल्या वाड्याचा, तो पलीकडचा अग्निशाळेचा. ऊन कलेपर्यंत दोघे तसेच बसले होते. मग एक उतरून गेला, एक परत फिरला.

जेतवनात एक भिक्षू समुद्रकाठच्या गावाच्या आठवणीने झुरत होता. घरी परतावे असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याला जवळ बसवून शास्त्यांनी, भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सागरदत्त मीच होतो. आणि भिक्षू, चार पावले खाली ये म्हणणारा तिमिल तू होतास. गावाची ओढ मलाही होती. ती वाईट नव्हे. पण तिच्यापायी दुसऱ्याचे घर मोडत असेल, तर ती ओंजळीतून सोडून देता आली पाहिजे. याला नैष्क्रम्य पारमिता, म्हणजे त्यागाची परिपूर्णता, म्हणतात."