सभापतींची गाडी थांबली

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

मी पाहुण्यांना मुंबई दाखवतो. एकदा सभापती धुमाळ बायकोसह आले. गाडीत बसताच म्हणाले, “तालुक्यात माझी गाडी कोणी अडवत नाही. तुझ्या मुंबईत माझ्याहून मोठं माणूस दाखव, नाहीतर मालकाला सांगून तुला घरी बसवतो.”

मी ड्रायव्हरला मासळीबाजाराकडून गाडी घ्यायला सांगितली. तिथे टोपली घेतलेल्या एका कोळीण आजींनी हात वर केला आणि सावकाश रस्ता ओलांडला. गाडी थांबली.

मी हळूच म्हणालो, “साहेब, या बघा. तुम्हाला थांबवलं, आणि वळून पाहिलंही नाही.”

धुमाळबाई हसत नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, आता नमस्कार तरी करा.”

साहेबांनी निमूट हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी आजींच्या डोक्यावर टोपली चढवून दिली.